दिवा कोणाच्या डोळ्यांसाठी?

अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारे आमचे एक मित्र आहेत. दिवाळीच्या सुटीनंतर त्यांचा फोन आला. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला काही पैसे दिले होते आणि त्यातून विज्ञानकक्षात एक फिशटँक ठेवायचा असे ठरले होते. टाकी पसंत करून झाली होती. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. गाडी अडली होती ती दिव्यापाशी.

दुकानात त्यांना दोन दिवे दाखवले गेले. एक साधा, पांढरा, वीस वॅटचा. दुसरा नव्वद वॅटचा, निळ्या-जांभळ्या उजेडाचा, मोबाइलवरून चालणारा. त्यात पहाट, दुपार, संध्याकाळ, चांदणे सगळे लावून ठेवता येते. ढग आणि विजासुद्धा! किंमत मात्र पाचपट. ‘‘सर, बटन दाबलं का घरातच समुद्र!’’ इति दुकानदार. शेजारच्या टाकीतल्या चित्रात याच निळ्या उजेडात प्रवाळ हिरवे-केशरी चमकत होते. मित्राचे मन दुसऱ्या दिव्यावर बसले होते. ‘‘पाणी तर आमच्या खारपाणपट्ट्यात खारंच आहे. फक्त दिव्याचं सांगा. कोणता घेऊ?’’

आमचा गट अमरावतीत वनस्पती आणि प्रकाश यांवर काम करतो, म्हणून हा प्रश्न आमच्याकडे आला. आम्ही उलट विचारले, ‘‘टाकीत राहणार कोण?’’

या उलट प्रश्नातच दिवा निवडण्याचे निम्मे उत्तर आहे.

प्रवाळ: प्राणी, पण उन्हावर जगणारा

नव्वद वॅटचा तो दिवा प्रवाळांसाठी बनवलेला होता. प्रवाळ हा प्राणी आहे. तरीही त्याला दिवा कशाला लागतो? माशाला तर खास दिवा लागत नाही.

उथळ समुद्रात भिंती उभारणाऱ्या प्रवाळांच्या पेशींमध्ये सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहतात. हे शैवाल प्रकाश-संश्लेषण करतात आणि तयार झालेल्या अन्नातला मोठा वाटा प्रवाळाला देतात. स्वच्छ, उथळ पाण्यात प्रवाळाच्या ऊर्जेच्या गरजेपैकी ९० टक्क्यांपर्यंत गरज या भाडेकरूंकडून भागू शकते. म्हणजे प्रवाळाला दिवा दाखवायचा तो त्याच्या पोटातल्या शैवालासाठी.

हे पाहायला ऑस्ट्रेलियाला जावे लागत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या समुद्रात प्रवाळ आहेत. १९८७ साली जाहीर झालेले मालवण सागरी अभयारण्य याच भागात आहे. मात्र हे प्रवाळ, किंवा इतर कुठले, शाळेच्या टाकीत आणता येणार नाहीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली भित्तिका बांधणाऱ्या सर्व प्रवाळांचा समावेश झाला. याच अनुसूचीत वाघही आहे. समुद्रातून प्रवाळ काढणे, विकणे, विकत घेणे हा गुन्हा आहे. दुकानात मिळतो म्हणून तो कायदेशीर ठरत नाही.

खारपाणपट्ट्याच्या पाण्याचेही सांगून टाकू. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि प्रवाळाला सांगाडा बांधायला लागणारे कॅल्शियम त्यात ठरावीक प्रमाणात असते. पूर्णेच्या खोऱ्यातले भूजल खारे असले तरी त्यातले क्षार वेगळे, त्यांचे प्रमाण वेगळे. खारट चव म्हणजे समुद्र नव्हे.

मित्र थोडे हिरमुसले. पण त्या महागड्या दिव्यामागे जे विज्ञान आहे, ते समजून घेतल्याशिवाय साधा दिवासुद्धा नीट निवडता येत नाही. म्हणून आधी थोडे समुद्रात उतरू.

पाणी लाल रंग आधी खाते

तो दिवा निळा का? पांढऱ्या उन्हातले सगळे रंग पाण्यात सारख्या वेगाने नाहीसे होत नाहीत. अगदी शुद्ध पाणी घेतले, तरी ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश ५ मीटर खोलीवर जेमतेम १८ टक्के उरतो आणि १० मीटरवर ३ टक्क्यांच्या आसपास. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश मात्र १० मीटरवरही ९० टक्के शिल्लक असतो. त्यामुळे खोल पाण्यातल्या प्रवाळाच्या शैवालांच्या वाट्याला येतो तो मुख्यतः निळा प्रकाश, आणि त्यांची रंगद्रव्येही निळा प्रकाश उत्तम शोषतात.

आपल्या वडाळी किंवा छत्री तलावात परिस्थिती वेगळी. तिथल्या पाणवनस्पती उथळ पाण्यात असतात. हातभर पाण्यातून लाल प्रकाश फारसा कमी होत नाही. शिवाय गढूळ, पिवळसर पाणी निळा प्रकाशच आधी शोषते. त्यांच्या हरितद्रव्याला लाल आणि निळा दोन्ही चालतात. म्हणजे समुद्रासाठी बनवलेला निळा दिवा हायड्रिलावर लावला तर तो निरुपयोगी ठरणार नाही, पण आपण तिला न लागणाऱ्या गोष्टीचे पैसे मोजलेले असतील.

वॅट, ल्युमेन आणि फोटॉन

आता खरी मेख. दिव्याच्या खोक्यावर दोन आकडे असतात: वॅट आणि ल्युमेन. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो. ल्युमेन म्हणजे तो उजेड माणसाच्या डोळ्याला किती वाटतो. वनस्पतीला किंवा शैवालाला यातला एकही आकडा थेट कळत नाही.

आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या पिवळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असतो. त्या तरंगलांबीचा १ वॅट प्रकाश म्हणजे ६८३ ल्युमेन. तेवढाच १ वॅट प्रकाश ४५० नॅनोमीटरचा निळा असेल तर ल्युमेन भरतात अवघे २६. ऊर्जा तेवढीच, पण आपल्याला तो सव्वीस पट मंद वाटतो.

प्रकाश-संश्लेषणाचा हिशोब फोटॉनच्या संख्येवर चालतो. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती फोटॉन दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, ही संख्या मायक्रोमोलमध्ये सांगतात. एक मायक्रोमोल म्हणजे सुमारे साठ कोटी अब्ज फोटॉन. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात हा आकडा २००० च्या आसपास जातो. मत्स्यालयातल्या मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५०, कठीण प्रवाळांना २०० ते ३५० देतात. हायड्रिला, वॅलिस्नेरिया अशा गोड्या पाण्यातल्या सोशीक वनस्पती ३० ते ८० मध्ये सुखाने राहतात.

मोबाइलमधल्या लक्समीटरने हे मोजता येईल का? पांढऱ्या एलईडीसाठी अंदाज बांधता येतो: सुमारे ७० लक्स म्हणजे १ मायक्रोमोल. पण शुद्ध निळ्या दिव्याखाली अवघे ७ लक्स म्हणजे १ मायक्रोमोल! म्हणजे लक्समीटर दोन्ही दिव्यांखाली ५०० आकडा दाखवत असेल, तर पांढऱ्याखाली ७ मायक्रोमोल आणि निळ्याखाली ७० मायक्रोमोल. डोळ्याला दोन्ही सारखेच. वनस्पतीच्या दृष्टीने एक उपासमार आणि एक भरपेट जेवण.

निळा दिवा बघून ‘‘उजेड कमी वाटतो, वाढवा’’ असे म्हणणाऱ्या हौशी माणसाच्या टाकीतले प्रवाळ का करपतात, ते यावरून कळते.

एलईडीने काय बदलले?

एलईडी म्हणजे अर्धवाहकाचा एक सूक्ष्म जोड. त्यातून वीज गेली की इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवरून खाली येतात आणि तेवढ्या ऊर्जेचा फोटॉन बाहेर पडतो. पदार्थ ठरला की रंग ठरला. दृश्य लाल एलईडी १९६२ मध्येच आला होता. निळ्यासाठी मात्र १९९० च्या दशकापर्यंत वाट पाहावी लागली. इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना त्यासाठी २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या घरातला पांढरा एलईडीही मुळात निळाच असतो. त्यावरचा पिवळा लेप निळ्याचा काही भाग शोषून पिवळा प्रकाश देतो आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरा दिसतो.

प्रोग्रॅमेबल दिव्यात वेगवेगळ्या रंगांच्या एलईडींच्या स्वतंत्र रांगा असतात. प्रत्येक रांग किती तेजाने चालायची हे एक छोटी चिप ठरवते. पुष्कळ दिव्यांत तेज कमी करण्यासाठी एलईडी सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा बंद-चालू करतात. निम्मा वेळ बंद ठेवला की उजेड निम्मा. हा वेग फारच कमी असेल तर अंधाऱ्या खोलीत दिव्याखाली पांढरी काडी झपकन हलवून पाहा: एका सलग पट्ट्याऐवजी सुट्या सुट्या काड्या दिसतील. मुलांना हे दाखवायला पैसे पडत नाहीत.

प्रोग्रॅम कशासाठी?

ढग आणि विजा दिवाणखान्यातल्या पाहुण्यांसाठी. पण प्रोग्रॅमचा एक खरा उपयोग आहे, तो म्हणजे हळूहळू जाणे.

प्रकाश-संश्लेषण प्रकाशाबरोबर वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे यंत्रणा भरून जाते. आणखी प्रकाश ओतला तर जास्तीची ऊर्जा ऑक्सिजनची घातक रूपे तयार करते आणि यंत्रणेचीच मोडतोड होते. पाणी तापलेले असेल तर ही मोडतोड लवकर सुरू होते. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त तापलेले पाणी काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या पोटातले शैवाल बाहेर टाकू लागतो आणि पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. १९९८ साली लक्षद्वीप आणि अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर घडले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी मालवणमध्येही विरंजन नोंदवले आहे. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातल्या चौथ्या व्यापक विरंजनाची घोषणा झाली.

वनस्पती आणि शैवाल वाढत्या प्रकाशाशी जुळवून घेऊ शकतात, पण त्यासाठी त्यांना दिवस, आठवडे लागतात. म्हणून नवा दिवा ३० ते ४० टक्क्यांवर सुरू करून दर आठवड्याला थोडा थोडा चढवायचा. हे काम प्रोग्रॅम इमानाने करतो, माणूस विसरतो.

आम्हीही विसरलो होतो. आमच्या प्रयोगशाळेत पहिली टाकी लावली तेव्हा नवा दिवा पहिल्याच दिवशी शंभर टक्क्यांवर, रोज बारा तास ठेवला. ‘‘झाडांना उजेड जितका जास्त तितका बरा’’ हे आम्ही विद्यार्थ्यांना खोडून सांगतो आणि स्वतः तेच केले. दहा दिवसांत पाणी हिरवेगार झाले, हायड्रिलाच्या पानांवर शेवाळाचे बुरे चढले. माशांच्या विष्ठेतले नत्र आणि वरून प्रकाशाची खैरात, शेवाळाला आणखी काय हवे? दिवा ४० टक्क्यांवर आणि सहा तासांवर आणला, निम्मे पाणी बदलत गेलो, तेव्हा महिन्याने टाकी निवळली. त्या महिन्यात तीन मासे मेले. दिवा चांगला होता, चूक आमची होती.

वऱ्हाडातल्या दोन अटी

आमच्या भागात दिवा घेताना आणखी दोन प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न विजेचा. वीज गेल्यावर दिव्यातले घड्याळ चालू राहते का? ज्या दिव्यात घड्याळासाठी वेगळा छोटा सेल असतो तो वीज आल्यावर बरोबर वेळेला येतो. ज्यात नसतो तो पुष्कळदा रात्री बारापासून मोजायला लागतो. मग दुपारी चारला वीज आली की टाकीत मध्यरात्र, आणि शाळा सुटून कुलूप लागल्यावर टाकीत सकाळ. दुकानातच प्लग काढून, पाच मिनिटांनी परत लावून हे तपासता येते.

दुसरा प्रश्न उन्हाळ्याचा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. एलईडी गरम होत नाही हा गैरसमज आहे. चांगल्या एलईडीतही निम्म्याच्या आसपास वीज उष्णतेत जाते. फक्त ती मागच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत साठते. ती बाहेर गेली नाही तर तेज घटते आणि आयुष्यही. म्हणून दिव्याला रुंद, उघडी पट्टी हवी आणि तो झाकणात कोंबू नये.

टाकीतले पाणी किती तापेल? गणित सोपे आहे. आपल्या टाकीत ५४ लिटर पाणी मावते. ते १ अंशाने तापवायला सुमारे २ लाख २६ हजार ज्यूल लागतात. २० वॅटचा दिवा ८ तासांत ५ लाख ७६ हजार ज्यूल खर्च करतो. सगळी उष्णता पाण्यातच राहिली असे धरले तरी तापमान अडीच अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी. पूर्वीचा १५० वॅटचा मेटल हॅलाइड दिवा असता तर याच हिशोबाने १९ अंश! आणि उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर एक छोटा पंखा सोडला की कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होऊन पाणी निवते. कूलरचे तत्त्व वऱ्हाडात कोणाला शिकवायला नको.

शाळेच्या टाकीचा हिशोब

आता वॅट किती हवेत ते काढू. टाकीचा तळ ६० × ३० सेंटिमीटर, म्हणजे ०.१८ चौरस मीटर. जरा सढळ हाताने १०० मायक्रोमोल हवेत असे धरू. मग दर सेकंदाला १८ मायक्रोमोल फोटॉन तळापर्यंत पोहोचले पाहिजेत. ठीकठाक दर्जाचा एलईडी एका ज्यूल विजेमागे सुमारे २ मायक्रोमोल देतो. म्हणजे ९ वॅट. निम्मा प्रकाश बाजूला, काचेबाहेर वाया जातो असे धरले तर १८ वॅट.

म्हणजे वीस वॅट पुरे! नव्वद वॅटचा दिवा घेऊन तो कायम वीस टक्क्यांवर चालवण्यात काय हशील?

पण म्हणून साधा पांढरा दिवा घ्या असेही आम्ही सांगितले नाही. आम्ही तिसरा सुचवला: गोड्या पाण्यातल्या वनस्पतींसाठी मिळणारा, २०-२५ वॅटचा, पांढरा, लाल, हिरवा आणि निळा अशा चार स्वतंत्र रांगांचा, घड्याळाला वेगळा सेल असलेला. कारण शाळेत टाकी नुसती बघायला नसते. रंग वेगवेगळे करता आले की ती प्रयोगशाळा होते.

करून पाहा

जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर एंगेलमान यांनी १८८२ मध्ये लोलकातून पाडलेला वर्णपट सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या शैवालाच्या तंतूवर टाकला आणि ऑक्सिजनकडे धावणारे जिवाणू पाण्यात सोडले. ते लाल आणि निळ्या पट्ट्यापाशी गोळा झाले. तोच प्रश्न आपण बुडबुड्यांना विचारू शकतो.

चंचुपात्रात पाणी आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घ्या. हायड्रिलाची ताजी फांदी देठ वर करून नरसाळ्याखाली ठेवा. पात्र दिव्याखाली ठेवून पाच मिनिटे थांबा, मग देठातून मिनिटाला किती बुडबुडे निघतात ते मोजा. पांढरा प्रकाश १०, २०, ४०, ६०, ८०, १०० टक्के असा वाढवत प्रत्येक वेळी मोजा आणि आलेख काढा. आधी चढणारी आणि मग आडवी होणारी रेघ मुलांनी स्वतः काढली, की ‘जितका जास्त तितका बरा’ हे पुन्हा खोडून सांगावे लागत नाही.

नंतर एकेक रंग लावून पाहा. मात्र इथे एक सावधगिरी हवी. ५० टक्के लाल आणि ५० टक्के निळा यांत फोटॉन सारखेच असतील असे नाही. ते जुळवायला लक्समीटर कुचकामी, हे आपण पाहिलेच. त्याऐवजी खेळण्यातला छोटा सौरघट घ्या आणि त्याची दोन टोके मल्टिमीटरला मिलिअँपिअरवर जोडा. सिलिकॉनच्या सौरघटातली ही वीजधारा ढोबळमानाने फोटॉनच्या संख्येच्या प्रमाणात असते, रंग कोणताही असो. निळ्याला ती थोडी कमी दाखवते, पण माणसाच्या डोळ्याइतका पक्षपात करत नाही. प्रत्येक रंगाचे तेज असे ठेवा की मल्टिमीटरचा आकडा तोच राहील, आणि मग बुडबुडे मोजा.

मित्राने तसाच दिवा घेतला. सुरुवात ४० टक्के आणि सहा तासांनी केली. मासे महिनाभर थांबवले, आधी झाडे रुजू दिली. उन्हाळ्यात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत बंद, तेव्हा आटलेले पाणी भरण्याचे काम कोणाकडे द्यायचे हे मात्र कोणताही दिवा ठरवू शकत नव्हता. ते शाळेजवळ राहणाऱ्या दोघा मुलांनी अंगावर घेतले.

जानेवारीत त्यांचा पुन्हा फोन आला. आठवीच्या मुलांनी रंगांचा प्रयोग केला होता. लाल आणि निळ्यात अपेक्षेप्रमाणे बुडबुडे आले. पण एका मुलीने हिरव्या प्रकाशातले बुडबुडेही मोजले होते आणि ती हटून बसली होती: ‘‘सर, पान हिरवा रंग परत पाठवतं असं पुस्तकात आहे. मग हिरव्यात बुडबुडे कमी झाले, पण थांबले का नाहीत?’’

प्रश्न अगदी बरोबर आहे. पान हिरव्या प्रकाशापैकी किती परत पाठवते आणि किती ठेवून घेते? एक पान, एक सौरघट आणि हिरवी रांग एवढे हाताशी असेल, तर उत्तराची सुरुवात तुमच्या वर्गातही करता येईल.